देवासाठी टाकलेले रूळ

ओसाकाला राहायला आल्यापासून माझे बरेचसे रविवार रेल्वेच्या खिडकीशी जातात. सकाळी डबा भरायचा, साडेसात-आठची गाडी पकडायची आणि रात्रीच्या जेवणाला घरी. हॉटेल नाही, बॅगा नाहीत, रजा टाकायला नको. कान्साई भागात हे सहज जमतं, कारण नारा, क्योतो, हिमेजी, इसे, कोयासान हे सगळं ओसाकाहून दोन-सव्वादोन तासांच्या आत येतं, आणि शेवटच्या देवळाच्या जवळपर्यंत कुठली ना कुठली लाईन, डोंगरावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी केबल कार नाहीतर बस जातेच जाते.

पुण्या-मुंबईहून कुणी आलं की पहिला प्रश्न असतो की एका दिवसात काय काय बघून होईल, टूरची बस घेऊ का. मी सांगते बस नको, ट्रेनने जा, आणि शक्यतो शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनही नको, साध्या लाईनने जा. पैसे वाचतात म्हणून नाही सांगत. इथे फिरून आणि थोडंफार वाचून मला जे कळत गेलं ते असं, की ज्या जुन्या जागा बघायला आपण जातो त्यांच्या इतिहासात ती रेल्वेसुद्धा येते. इथल्या कितीतरी लाईनी टूरिस्टसाठी झालेल्याच नाहीत, त्या यात्रेकरूंसाठी झाल्या. आधी देऊळ, मग देवळाच्या ओढीने रूळ, आणि मग रुळांच्या कडेने गावं वाढली. बसमधून थेट पार्किंगला उतरलं की ही सगळी गोष्ट हातातून निसटते.

मी मूळची मिरजेची, म्हणून कदाचित मला हे लगेच भिडलं असेल. मिरजेहून पंढरपूरला नॅरोगेज गाडी जायची, बार्शी लाईट रेल्वेची, अडीच फुटी गेजची. ही लाईन १९०६ साली कुर्डुवाडीकडून पंढरपूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत आली, आता तिथे ब्रॉडगेज आहे. आई सांगते, आषाढीच्या दिवसात डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, माणसं टपावर बसून जायची, आणि स्टेशन सुटलं की जे भजन सुरू व्हायचं ते पंढरपूर येईपर्यंत. देवाला जायची गाडी म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर इथली अशी पहिली लाईन मला भेटली ती इकोमाची. ओसाका आणि नारा यांच्या मधे इकोमाचा डोंगर आडवा आहे, ६४२ मीटर उंच. जुन्या गाड्या या डोंगराला वळसा घालून जायच्या. १९१० साली एक नवी खाजगी कंपनी निघाली आणि त्यांनी ठरवलं की वळसा नको, डोंगरातून सरळ आरपार जायचं. ३,३८८ मीटरचा बोगदा, तोही दुहेरी लाईनचा, त्या काळात! १९१३ च्या जानेवारीत काम चालू असताना आतला भाग कोसळला, दीडशेच्या आसपास मजूर अडकले आणि त्यातले वीसेक गेले. तरी १९१४ च्या एप्रिलमधे लाईन सुरू झाली. पण बोगद्याने कंपनीची तिजोरी पार रिकामी केली होती, आणि नाऱ्याला जाणारी माणसं वाटली तेवढी मिळेनात. गाडीत बसायची ती मुख्यतः इकोमाच्या होझानजी देवळात जाणारी मंडळी, त्यामुळे पाऊस पडला की त्या दिवसाचा गल्ला गेलाच. पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत तेव्हा कंपनीचे एक अधिकारी होझानजीत गेले आणि देवळाकडे दानपेटीच्या पैशातून कर्ज मागितलं, तारण काय तर गाडीची तिकिटं. देवळाने कर्ज दिलं, आणि कंपनी तगली. तीच कंपनी पुढे वाढत वाढत किंतेत्सु झाली, आज जेआर, म्हणजे पूर्वीची सरकारी रेल्वे, सोडली तर जपानमधलं सगळ्यात मोठं रेल्वेचं जाळं तिचं आहे.

आणि आता खरी गंमत. होझानजीत ज्या देवाच्या नवसाला एवढी माणसं येतात तो देव म्हणजे आपला गणपती.

म्हणजे अगदी आपला तसाच नाही. मूळ देऊळ फुदो या उग्र बौद्ध देवाचं, आणि शोतेन किंवा कांगितेन हा त्याचा राखणदार देव. हत्तीचं डोकं, विनायक हे नावही त्याला आहे, भारतातून चीनमार्गे बौद्ध तांत्रिक परंपरेबरोबर तो इकडे आला. १६७८ साली तानकाई नावाच्या भिक्षूंनी हे देऊळ उभं केलं आणि मग ओसाकाचे व्यापारी इथे नवस बोलायला यायला लागले. मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, कायम बंद गाभाऱ्यात. दिसतात त्या त्याच्या खुणा, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन मुळे आणि पैशांचा बटवा. दानपेटीसुद्धा बटव्याच्या आकाराची. कडक देव आहे म्हणतात, नवस बोललात तर फेडायचाच, आणि त्याच्यासमोर एखादी गोष्ट सोडायचा शब्द देऊन जाणारी माणसं अजूनही आहेत.

ओसाकातल्या नांबा स्टेशनहून इकोमा वीसेक मिनिटांवर आहे. गाडी ओसाकाच्या सपाटीवरून निघते आणि मग हळूहळू डोंगराच्या कडेने चढायला लागते, इशिकिरी यायच्या आत डावीकडे अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं. मग बोगदा. हा आताचा बोगदा १९६४ चा आहे, जुना बंद झाला, पण अंधार सुरू झाला की मला दरवेळी त्या १९१३ च्या माणसांची आठवण होते आणि मनातल्या मनात हात जोडले जातात. इकोमाला उतरून केबल कार घ्यायची, ती १९१८ पासून चालू आहे, लोकांना घेऊन जाणारी जपानमधली पहिली. हल्ली डब्यांना कुत्र्या-मांजराचे चेहरे लावलेत, लहान मुलं खूश असतात. वर उतरलं की दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना जुन्या खानावळी आणि कंदील, आणि वर कड्याला टेकलेलं देऊळ. उदबत्तीचा धूर एवढा दाट असतो की घरी आल्यावर सुद्धा ओढणीला वास येतो.

मी तिथे संकष्टीला जाते. मोदक इथे कुठले, पण क्योतोत कामेया कियोनागा म्हणून १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे, तिथे कांगितेनला वाहायचा एक पदार्थ मिळतो, पिठाच्या पारीत गोड सारण भरून, वर चुण्या घेऊन तोंड बांधलेलं आणि तिळाच्या तेलात तळलेलं. सारणात लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण आणि सात प्रकारची सुगंधी द्रव्यं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दुकानातच थांबून राहिले, कारण हातात होता तो चक्क तळणीचा मोदक. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी निघालेली ही पाककृती किती बंदरं आणि किती स्वयंपाकघरं ओलांडून इथपर्यंत आली असेल, आणि मुरड अजून तशीच आहे.

इकोमाच्या पुढे तीच लाईन नाऱ्याला जाते. नाऱ्याबद्दल सगळेच लिहितात, हरणांचे फोटो तुम्ही बघितलेच असतील, म्हणून एवढंच सांगते की यामातो-साइदाइजी स्टेशन गेलं की मोबाईल बाजूला ठेवा आणि खिडकीतून बघा. गाडी चक्क आठव्या शतकातल्या हेइजो राजवाड्याच्या मैदानातून जाते. एका बाजूला सुझाकु दरवाजा, दुसरीकडे राजदरबाराचा मोठा लाल-पांढरा हॉल, दोन्ही अलीकडे पुन्हा बांधलेले. जमिनीखाली जुनी राजधानी आणि वरून लोकल. आणि तोदाइजी देवळातल्या दाइबुत्सुसमोर, म्हणजे महाबुद्धासमोर, उभं राहाल तेव्हा बोधिसेनाची आठवण काढा. हा भारतातला भिक्षू ७३६ साली चीनमार्गे जपानला पोचला आणि ७५२ साली या महाबुद्धाचे डोळे उघडायचा विधी, म्हणजे मूर्तीत प्राण आणायचा विधी, त्याच्या हातून झाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचाच हात लागला. मला या दोऱ्यांची कल्पना फार आवडते.

पण माझी सगळ्यात लाडकी जागा होर्यूजी. तिथे जेआरची यामातोजी लाईन जाते, तेन्नोजीहून पंचवीसेक मिनिटं. स्टेशन साधं, बाहेर पडून वीस मिनिटं गावातून चालायचं. नाऱ्याची गर्दी इथे येत नाही आणि मला स्वार्थीपणे वाटतं की येऊही नये. राजपुत्र शोतोकुंनी ६०७ साली हे देऊळ उभारलं, ते ६७० मधे जळलं आणि नंतर पुन्हा बांधलं ते आजपर्यंत उभं आहे. आज शिल्लक असलेल्या लाकडी इमारतींमधे जगातल्या सगळ्यात जुन्या या. पाच मजली पॅगोडा बत्तीस मीटरचा, त्याच्या पोटातून वरपर्यंत एकच मधला खांब. त्या खांबाच्या लाकडातली वर्तुळं मोजून कळलं की ते झाड ५९४ च्या सुमाराला तोडलंय. आता देऊळ जळालं ६७० ला आणि खांब त्याच्याही आधीचा, मग एवढी वर्षं ते लाकूड कुठे होतं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. भूकंपाच्या देशात तेराशे वर्षं लाकूड उभं राहतं हे नुसतं वाचून खरं वाटत नाही, त्याच्याखाली उभं राहून मान वर करून बघावं लागतं.

आणि होर्यूजीला मला अजिंठा भेटतो. तिथल्या मुख्य सभागृहाच्या, कोंदोच्या, भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटाची भित्तिचित्रं होती, बारा भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्व. त्यातल्या अमिदाच्या, म्हणजे अमिताभ बुद्धाच्या, शेजारचा बोधिसत्त्व बघितला की पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची आठवण आल्याशिवाय राहत नाही, तीच खाली झुकलेली नजर, तीच मानेची लकब. शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेले होते तेव्हा बाईंनी टॉर्च मारून दाखवला होता तो पद्मपाणी.

ही नुसती आपल्या मनाची जोडाजोड नाही, दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम केलेला एक माणूस आहे. आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून भारतात आले, कलकत्त्यात शिकवलं, आणि १९१७-१८ च्या सुमाराला अजिंठ्याला मुक्काम करून तिथल्या चित्रांच्या प्रती काढल्या. म्हणजे औरंगाबादच्या उन्हातान्हात, लेण्यांच्या अंधारात बसून. पुढे १९४० मधे होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती काढायचं मोठं सरकारी काम सुरू झालं तेव्हा त्या कामाची जबाबदारी ज्या चित्रकारांवर होती त्यात हेच आराई. काम पुरं व्हायच्या आत, १९४५ साली ते गेले. आणि २६ जानेवारी १९४९ ला, प्रती काढायचं काम चालूच असताना, कोंदोला आग लागली आणि मूळ चित्रं करपली. थंडीत चित्रकार विजेवर गरम होणाऱ्या गाद्या वापरायचे त्यामुळे लागली असं म्हणतात, नक्की काही ठरलं नाही. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा जपायचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस देशभर देवळांमधे आगीच्या कवायतीचा दिवस झाला. आपल्याकडे झेंडावंदन चालू असतं तेव्हा इथे देवळांवर पाण्याचे फवारे उडत असतात.

आता कोंदोत दिसतात त्या १९६८ च्या नव्या प्रती. जळालेल्या भिंती देवळाच्याच आवारात एका वेगळ्या इमारतीत तशाच सांभाळून ठेवल्यात, टाकून नाही दिल्या. हे मला फार मोठं वाटतं. गेलेली वस्तू गेली म्हणून सांगायची, तिच्या जागी प्रत ठेवायची तर प्रत आहे असं सांगायचं, आणि राख झालेलंही जपायचं. अजिंठ्याच्या बाबतीत आपण दरवर्षी ओल, वटवाघळं, माणसांचे श्वास यांच्याशी झगडतोय, तर इथली ही करपलेली भिंत आपल्या पुरातत्त्वाच्या मुलांना एकदा तरी दाखवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इसेबद्दल थोडक्यात. किंतेत्सुनेच जायचं, पावणेदोन-दोन तास. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक कित्येक दिवस चालत जायचे, आता सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथलं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात, मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. आत काही दिसत नाही, कुंपणापलीकडे फक्त छप्पर. काही जणांना वाटतं एवढ्या लांब येऊन काय बघितलं. मला तिथे जुनं लाकूड वाया जात नाही हे कळलं तेव्हा ती जागा आवडायला लागली, खांब उतरवले की त्यांच्या तोरी, म्हणजे देवळाच्या प्रवेशाच्या, कमानी होतात, मग दुसऱ्या देवळांना जातात. होर्यूजी लाकूड टिकवून जुनं राहिलं, इसे लाकूड बदलून.

कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावाला, मात्र मी आईला घेऊन गेले. आई मागच्या वर्षी ऑक्टोबरात आली होती, गुडघे दुखतात, चालणं बेताचं, म्हणून मला धास्ती होती. नांब्याहून नानकाई कंपनीची कोया एक्सप्रेस, दीड तासाच्या आत गोकुराकुबाशी. हाशिमोतोपर्यंत साधी गाडी वाटते, पण तिथून पुढे नव्वदेक मीटरवरून पाचशे पस्तीस मीटरपर्यंत चढायचं असतं आणि लाईन अशी वळणं घेते की डबे मुद्दाम लहान, सतरा मीटरचे ठेवावे लागलेत. रुळांचा कर्रकर्र आवाज, खिडकीला टेकलेली देवदारासारखी सुगी नावाची झाडं, वेग एकदम कमी. आई म्हणाली, "आपली पंढरपूरची गाडी अशीच रखडत जायची गं." तिला ते फार आवडलं. शेवटी १९३० पासूनची केबल कार, पाच मिनिटांत तीनशे मीटर वर, आणि वर बस.

बस थोडी पुढे गेली आणि न्योनिनदोचा थांबा आला. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की कूकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ साली हा डोंगर साधनेसाठी घेतला तेव्हापासून हजारावर वर्षं बायकांना आत प्रवेश नव्हता. डोंगरावर यायच्या सात वाटा, प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बायकांसाठी एक छोटं देऊळ, तिथपर्यंतच यायचं. मग त्या बायका कड्याकड्याने डोंगराला वळसा घालत एका देवळापासून दुसऱ्यापर्यंत चालायच्या, लांबून झाडांमधून आतलं जेवढं दिसेल तेवढं बघायच्या, आणि परत जायच्या. सातातलं हे एकच देऊळ उरलंय. १८७२ साली सरकारने बंदी उठवली, डोंगरावर प्रत्यक्षात ती जायला विसावं शतक उजाडलं. आणि त्याच १८७२ च्या ऑक्टोबरात शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे धावली. हे दोन्ही एकाच सालातलं आहे हे मला कळलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दार उघडलं आणि गाडी आली. माझ्या आईसारखी दुखऱ्या गुडघ्यांची बाई आज सकाळी ओसाकात चहा पिऊन दुपारी ओकुनोइनला पोचते, याला दोन्ही लागलं, कायदा पण आणि रूळ पण.

आई तिथे उतरलीच. आत गेली, बसली, बराच वेळ उठेना. म्हणाली, "आधी ह्यांना नमस्कार, मग पुढे." ह्यांना म्हणजे देवाला की त्या चालणाऱ्या बायकांना, मी विचारलं नाही.

ओकुनोइन म्हणजे दोन किलोमीटरची वाट, दोन्हीकडे प्रचंड उंच सुगीची झाडं आणि त्यांच्याखाली दोन लाखांवर समाध्या. सोळाव्या शतकातले सरदार ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी, एकमेकांशी आयुष्यभर लढलेले ताकेदा आणि उएसुगी, सगळे शेजारी. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने वाळवीसाठी उभारलेलं स्मारकसुद्धा आहे, आणि मनापासून उभारलंय. दगडी पंचस्तूपांवर संस्कृतच्या जुन्या सिद्धम लिपीतली अक्षरं कोरलेली असतात, त्यातला अ आईने पहिल्याच दगडावर ओळखला आणि मग प्रत्येक दगडापाशी थांबून बोट फिरवायला लागली. शेवटच्या पुलापलीकडे कूकाईंची समाधी. भक्तांची श्रद्धा अशी की ८३५ साली ते ध्यानाला बसले ते अजून बसलेलेच आहेत, म्हणून भिक्षू रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला वाढलेल्या माझ्या आईला यातलं काहीच नवीन वाटलं नाही. तिने विचारलं एवढंच, की जेवणात काय असतं, आणि शाकाहारी असतं म्हटल्यावर समाधानाने मान हलवली. आम्हीही तिथे तिळाचा तोफू आणि कोया-दोफू, म्हणजे गोठवून सुकवलेला तोफू, असं जेवण जेवलो. जपानमधे पहिल्यांदा तिला ताटातलं काही विचारून खावं लागलं नाही.

टोक्योत राहणारे मराठी लोक म्हणतील की आम्ही काय करायचं, कोयासान आम्हाला एका दिवसात नाही होत. त्यांनी कावासाकी दाइशीला जावं. तेही याच कूकाईंचं देऊळ. २१ तारीख हा त्यांचा दिवस, म्हणून २१ जानेवारी १८९९ ला मुहूर्त धरून देवळापर्यंत विजेची गाडी सुरू केली, कांतो म्हणजे टोक्योच्या भागातली पहिली. आजच्या केइक्यू कंपनीची सुरुवात तिथून झाली. केइक्यू कावासाकी स्टेशनवर दाइशी लाईनचा वेगळा फलाट आहे, अख्खी लाईन साडेचार किलोमीटरची, देऊळ तिसऱ्या स्टेशनवर. अर्धा दिवस पुरतो. जमलं तर २१ तारखेला जा, यात्रेचा बाजार भरतो.